निळे आकडे

"म्हणजे आंबा कमी घेतला की नफा वाढतो," मामा म्हणाला. "मग घ्यायचा तरी कशाला? या वर्षी आंबाच नको. नुसते बसून श्रीमंत होऊ."

मामी आतून हसली. मला काही हसू आलं नाही. एक्सेलमधल्या गृहीतकांच्या शीटवर मी ६० टनांच्या जागी ५२ टन लिहिलं होतं, आणि खाली वर्षाचा निव्वळ नफा ५.८ लाखांवरून साडेनऊ लाखांवर गेला होता. आठ टन आंबा कमी, आणि पावणेचार लाख जास्त. पडद्यावर कुठेही लाल अक्षर नाही, इशारा नाही, काही नाही. दोन दशांश स्थळांपर्यंत नीटनेटका, लाखाचे स्वल्पविराम जागच्या जागी असलेला तो आकडा माझ्याकडे बघत बसला होता.

मी पुण्यात हेच काम करते. कंपन्यांच्या पुढच्या पाच वर्षांचे हिशोब मांडायचे, कर्ज फिटेल का ते पाहायचं, विकत घेण्याजोगी कंपनी आहे का ते सांगायचं. त्याचे पैसे घेते. आणि मामाच्या फाइलची एक प्रत बँकेत पोचून तीन आठवडे झाले होते.

मामाचं कॅनिंगचं छोटं युनिट आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, पावसच्या बाजूला. पेटीत बसून मुंबईला जाणारा आंबा त्याचा नव्हे. मे अर्धा सरला, बाजारभाव उतरला, की झाडावर राहिलेला लहान, डागी, उन्हाने चट्टा पडलेला हापूस किलोवर विकला जातो. तो कॅनिंगचा आंबा. क्रेट येतात, आढी लागते, मग धुवा, चिरा, रस काढा, डब्यात भरा, सील करा, वाफ द्या. पाऊस सुरू झाला की संपलं. जेमतेम पाच आठवडे कारखाना दिवसरात्र चालतो आणि उरलेले सत्तेचाळीस आठवडे ८५० ग्रॅमचे डबे गोदामात बसून गिऱ्हाइकाची वाट बघतात. आम्रखंडवाले, आइस्क्रीमवाले, लग्नाचे केटरर. खर्च पाच आठवड्यांत आणि जमा वर्षभर. या धंद्याची सगळी दुखणी या एका वाक्यात आहेत, पण ते वाक्य मला उमगायला एक अख्खी फाइल फुकट घालवावी लागली.

मामाचा हिशोब वहीत. लाल कापडी बांधणीची लांब वही, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लागलेली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आणि समासात धंद्याशी थेट संबंध नसलेल्या नोंदी: 'बॉयलर दोन दिवस बंद', 'साका फार', 'पाऊस ५ जूनलाच'. २०२१ च्या वहीत १६ मेच्या पानावर एकच शब्द आहे, 'वादळ', आणि पुढचे चार दिवस कोरे. तौक्ते चक्रीवादळ त्या दिवशी रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेलं, ऐन हंगामात.

गेल्या वर्षापर्यंत त्याला बँकेकडून फार काही लागत नव्हतं. या वर्षी त्याने फोन केला, "अगं, ते बँकवाले सीएमए डेटा मागतायत, कर्जासाठीचे हिशोबाचे तक्ते. मागची दोन वर्षं, चालू वर्ष आणि पुढचं. पुढचं मी कुठून आणू?"

मी म्हटलं, पाठवून दे वह्यांचे फोटो, रविवारी करते.

रविवारी केलंसुद्धा. आकडे मी इथे गोल करून सांगते, म्हणजे मनातल्या मनात ताळा करता येईल. ६० टन आंबा, ४० रुपये किलो, म्हणजे २४ लाख. उतारा ५० टक्के: साल आणि बाठा जाऊन निम्मा रस, ३० टन. त्याचे साधारण ३५,३०० डबे. रिकामा डबा २० रुपयांना, म्हणजे ७ लाख. मजुरी, जळण, पाणी, ४ लाख. वर्षभराचे पगार, वीज, व्याज, दुरुस्ती, ५ लाख. डबा १३० ला गेला तर विक्री पावणेशेहेचाळीस लाखांच्या थोडी वर. शिल्लक ५.८ लाख. एका पानात बसलं. दिसायला गोजिरवाणं.

बँकेतल्या साहेबांनी ते पाहिलं आणि एक गुणाकार केला. लहान उद्योगांना खेळतं भांडवल द्यायचा एक जुना ठोकताळा आहे, नायक समितीच्या नावाने ओळखला जाणारा: अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातलं ५ टक्के मालकाने घालायचं आणि २० टक्के बँकेने द्यायचं. ४६ लाखांचे २० टक्के, ९ लाख २० हजार. झालं.

ठोकताळा वाईट नाही. त्यामागचा हिशोब असा की पैसा वर्षातून चारदा फिरतो, तीन महिन्यांत माल घेऊन, करून, विकून, वसूल होऊन परत येतो. किराणा दुकानाचा येतो, कपड्याच्या दुकानाचाही बहुधा येत असेल. मामाचा पैसा वर्षातून एकदाच फिरतो. वार्षिक पानावर ही गोष्ट दिसतच नाही. वर्षाची बेरीज केली की मे महिना दिवाळीत विरघळून जातो.

म्हणून मी बारा रकाने पाडले. एप्रिल ते मार्च. त्यातल्या मे-जूनच्या रकान्यात ३५ लाख बाहेर गेले: २४ फळाचे, ७ डब्यांचे, ४ मजुरी-जळणाचे. मामाचे स्वतःचे १० आणि बँकेचे ९.२ मिळून १९.२. खालच्या ओळीत, रोख शिलकेच्या, वजा १६ लाख उभे राहिले. त्याच फाइलच्या दुसऱ्या पानावर ५.८ लाख नफा. धंदा फायद्यात, आणि २५ मेला गडी माणसाला द्यायला पैसे नाहीत.

मी घाबरून फोन केला. मामा शांत होता. "डब्यांचे पैसे मी गणपतीत देतो," तो म्हणाला. "डबेवाला चाळीस वर्षांचा माहितीतला आहे. आणि बागायतदार निम्मे हातावर घेतात, निम्मे गणपतीत."

मी ७ लाख उचलून सप्टेंबरच्या रकान्यात टाकले. फळाचे १२ लाख टाकले. मेचा खर्च १६ वर आला. १९.२ मधून १६. बसला की! चाळीस वर्षं हा माणूस एक्सेलशिवाय हेच मॉडेल चालवत होता, आणि ते समतोल होतं, फक्त ते वहीत लिहिलेलं नव्हतं. डबेवाल्याच्या आणि बागायतदारांच्या शब्दावर लिहिलेलं होतं. वसुलीचंही तसंच. एमएसएमईडी कायदा २००६ चा. तो सांगतो की छोट्या उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्या. मी मोठ्या विश्वासाने ४५ लिहिले होते. मामाने वही उघडून दाखवली: ७०, ८२, ६४, एक मिठाईवाला ११०. "कायदा चांगला आहे," तो म्हणाला, "पण तू ७५ लिही."

मग बँकेकडे जायचं कारणच काय? कारण आता कॅनिंगचे दलाल बागेच्या फाटकाशी रोख पैसे मोजून क्रेट उचलतात. बागायतदारांना गणपतीची वाट बघायची गरज राहिली नाही. म्हणजे १२ लाखांची उधारी गेली, मेचा खर्च पुन्हा २८ वर, आणि ९ लाखांचं भगदाड. ते एका वाक्यात सांगून साहेबांना पटलं नसतं. बारा रकान्यांत दिसलं. बँकांमध्ये हंगामी धंद्यासाठी हंगामाची कर्जमर्यादा वेगळी आणि एरवीची वेगळी ठेवण्याची सोय असते. त्यांनी मे ते सप्टेंबर १५ लाखांची मर्यादा मंजूर केली. मागितले होते १८. तीन कमी. तेव्हा मामा म्हणाला, मग ६० टन नको, किती घेता येतील ते बघ. १० आणि १५, पंचवीस लाखांत बसायला ५२ टन. फळाचे २०.८, मजुरी-जळणाचे साडेतीन. आणि ते ५२ टन लिहिल्यावर नफा वाढला, तिथून ही गोष्ट सुरू केली मी.

चूक सापडायला एवढा वेळ का लागावा, याचा मी नंतर बराच विचार केला. वहीत चूक करायला माणसाला हात लागतो, शाई लागते, आणि खाडाखोड दिसते. पडद्यावर खाडाखोड राहत नाही. आणि वहीत पुढच्या वर्षाचं पान कोरं असतं. एक्सेलमध्ये पुढचा जून आणि मागचा जून शेजारी शेजारी, त्याच फाँटमध्ये, त्याच रेघांत, तेवढेच दोन दशांश घेऊन बसतात. एक घडलेला आहे आणि एक मी रविवारी दुपारी चहा पिताना टाइप केलेला आहे, हे डोळ्याला कळायला काही मार्ग नाही.

हे त्या यंत्राच्या जन्मातच आहे. १९७८ मध्ये डॅन ब्रिकलिन हा हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमधला विद्यार्थी. वर्गात फळ्यावर मोठमोठे तक्ते आखले जायचे, आणि एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे डस्टरने पुसून पुन्हा लिहावे लागायचे. त्याला वाटलं, आपोआप पुसून आपोआप लिहिणारा फळा पाहिजे. बॉब फ्रँकस्टनबरोबर त्याने तो केला. १९७९ मध्ये ॲपल-टू संगणकासाठी व्हिझिकॅल्क बाजारात आलं, ६३ रकाने आणि २५४ ओळींचं. चार वर्षांनी, १९८३ मध्ये, लोटस १-२-३ आलं. त्या कंपनीचा मिच केपॉर आधी भावातीत ध्यान शिकवायचा आणि लोटस हे नाव त्याने पद्मासनावरून ठेवलं होतं, हे मला कळलं तेव्हा मी खूप हसले होते. पद्मासनातून निघालेल्या त्या सॉफ्टवेअरने जगातल्या किती लोकांची मनःशांती घालवली असेल! १९८५ मध्ये एक्सेल, आधी मॅकवर, दोन वर्षांनी विंडोजवर.

म्हणजे पहिली गरज होती, 'असं झालं तर?' हे चटकन पुसून पाहण्याची. जे झालं ते नोंदवायला वह्या होत्याच. पण हळूहळू त्या चौकटींना वहीचा मान मिळाला. प्रिंट काढून शिक्का मारला की 'असं झालं तर' चं 'असं होणार' होतं.

आमच्या धंद्यात यावर एक साधा संकेत आहे, गुंतवणूक बँकांतून पसरलेला. हाताने टाकलेला आकडा निळा. सूत्रातून आलेला काळा. मी नोकरीला लागले तेव्हा हा मला निव्वळ चोखंदळपणा वाटायचा. आता वाटतं की सगळ्या कामात तेवढीच एक प्रामाणिक गोष्ट आहे. निळं म्हणजे हे मी म्हणते. काळं म्हणजे हे गणित म्हणतं. भांडायचं असेल तर निळ्याशी भांडा. पन्नास पानी मॉडेलमध्ये निळे आकडे वीस-पंचवीसच असतात. बाकी सगळी त्यांची पिल्लावळ.

मामाला मी हे समजावलं तेव्हा त्याने प्रत्येक निळ्या आकड्यावर बोट ठेवून मला प्रश्न विचारले. दर ४० कशावरून? गेल्या वर्षीचा. त्याच्या आदल्या वर्षी? ४६. मग ४० का? उतारा ५० कशावरून? तूच म्हणालास. मी सरासरी म्हटलं होतं. अशी दुपारभर झटापट झाली, आणि खरं सांगते, त्या दुपारची किंमत त्यातून निघालेल्या कुठल्याही काळ्या आकड्यापेक्षा जास्त होती. मध्येच एकदा तो ३,५००,००० असा आकडा बघून थबकला, "हे पस्तीस लाख की साडेतीन?" एक्सेलला मुळात लाख-कोटी कळत नाहीत, हजार आणि दशलक्ष कळतात; स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पाडायला सेटिंग बदलावी लागते. ती मी एका शीटवर विसरले होते. आपल्याच पैशांचा आकडा आपल्याला वाचता न येणं ही साधी गोष्ट नव्हे.

तर पुढची वर्षं. बँकेला पुढची वर्षं हवी असतात आणि पुढची वर्षं बनवणं फार सोपं. चौकटीच्या कोपऱ्यात एक इवलासा चौकोन असतो, तो धरून उजवीकडे ओढायचा. दहा टक्के वाढ. ओढलं की २०२७, अजून ओढलं की २०३०. हात जिथे थकेल तिथे भविष्य संपतं. मी बघितलेल्या निम्म्या तरी प्रोजेक्ट रिपोर्टांमध्ये दहा टक्के कुठून आले याचं उत्तर 'मागच्या रिपोर्टातून' एवढंच आहे.

हापूस दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढत नाही. तो वर्षाआड धरतो. एक वर्ष लदबदलेला, दुसऱ्या वर्षी झाड रुसल्यासारखं. मी वह्यांतून अकरा वर्षांची खरेदी भरली आणि कल रेषा काढली, तर आकडे वरखाली वरखाली आणि रेषा मधून सरळ, निवांत. त्या रेषेवर एकही खरं वर्ष नव्हतं. सरासरी वर्ष म्हणून जे काही असतं ते मामाच्या आयुष्यात कधी आलेलंच नाही. एक्सेलमध्ये हंगामी चढउतार ओळखून अंदाज बांधणारं फलनही आहे, ते लावून पाहिलं. त्याने वर्षाआडाचा नाद पकडला खरा, पण २०२० आणि २०२१ ने त्याची लय पार बिघडवली. एका वर्षी टाळेबंदी, दुसऱ्या वर्षी वादळ. मी २०२१ ची ओळ यादीतून काढली. अपवाद म्हणून. आकडे लगेच शहाण्यासारखे वागायला लागले.

मामा म्हणाला, "तुझ्या यादीतून काढलंस. माझ्या वर्षांतून कसं काढशील?"

ओळ काढली म्हणजे काय होतं याची एक फार मोठी गोष्ट आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये एक निबंध लिहिला: देशाचं सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ कोलमडते. काटकसरीच्या बाजूने बोलणाऱ्या राजकारण्यांनी तो जगभर नाचवला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या टॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून ती आकडेमोड पुन्हा करायला घेतली आणि ती जमेचना. शेवटी त्याने मूळ एक्सेल फाइल मागून घेतली. सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ ऐवजी ३० ते ४४ एवढ्याच ओळी होत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क हे पाच देश हिशोबातून गळले होते. तेवढ्याने सगळा निष्कर्ष उलटला असं सांगतात, ते मात्र खरं नाही. काही वर्षांची माहिती वगळलेली होती आणि देशांना वजन देण्याची पद्धतही वादग्रस्त होती. मोठा फरक या दोन गोष्टींनी पडला. सगळं धरून ९० टक्क्यांवरच्या देशांची वाढ उणे ०.१ टक्क्याच्या जागी २.२ टक्के आली. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते सूत्रच, कारण ते प्रत्येकाने केलेलं पाप आहे.

दुसरी गोष्ट पैशांची. २०१२ मध्ये जेपी मॉर्गन बँकेच्या लंडनमधल्या एका विभागाने सहा अब्ज डॉलरहून जास्त घालवले. बँकेनेच नंतर केलेल्या चौकशीत आढळलं की जोखीम मोजायचं नवं मॉडेल एक्सेलच्या शीटांवर, एकीतून दुसरीत हाताने चिकटवत चालत होतं, आणि एका ठिकाणी दोन दरांच्या सरासरीने भागायच्या ऐवजी त्यांच्या बेरजेने भागलं जात होतं. त्यामुळे जोखीम आहे त्याहून कमी दिसायची. तोटा काही त्या भागाकाराने झाला नाही, सौद्यांनी झाला. पण आपण उभे आहोत ती फांदी किती बारीक आहे हे सांगायचं काम ज्याच्याकडे होतं, तो खोटं सांगत होता, तेही बिनचूक गणिती चेहऱ्याने.

माझी चूक एवढी प्रतिष्ठित नव्हती. मी चौकटीमागून चौकट एफ-२ दाबून उघडत गेले. महिनेवार शीटवर, मेच्या रकान्यात, 'रस, किलो' या ओळीत सूत्र असायला हवं होतं: टन गुणिले उतारा. तिथे नुसतं ३०,००० लिहिलेलं होतं. काळ्या रंगात. मला आठवलं. डब्यांचा आकडा पडताळायला मामाशी फोनवर बोलत होते, त्याने विचारलं रस किती धरलास, आणि मी बोलता बोलता सूत्रावरच ३०,००० टाइप केलं, पुढे गेले, परत आलेच नाही. ६० टन आणि ५० टक्के असेतो ते बरोबरच होतं. ५२ लिहिल्यावर फळाचा खर्च कमी झाला, रस मात्र तेवढाच राहिला. आठ टनांचा रस हवेतून.

हापूसमध्ये साका असतो. बाहेरून फळ पिवळंधमक, वासही छान, हाताला कुठे लागत नाही. चिरलं की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. उष्म्याने होतो असं म्हणतात आमच्याकडे, आणि कापल्याशिवाय कळत नाही. सूत्राच्या जागी टाइप केलेला आकडा तसाच असतो. माझ्या ऑफिसात त्याला हार्डकोड म्हणतात. मी मनातल्या मनात आता साकाच म्हणते.

याहून वाईट पुढे होतं. बँकेच्या फाइलसोबत मी एक टिपण जोडलं होतं, 'जोखीम विश्लेषण' अशा भारदस्त मथळ्याचं. त्यासाठी उतारा ५० वरून ४६ करून पाहिला होता, आणि नफा जागचा हलला नव्हता. कसा हलेल? उताऱ्याची तार तुटलेलीच होती. मी काय केलं? 'उताऱ्यातील बदलांचा नफ्यावर फारसा परिणाम होत नाही' असं लिहिलं. टाइप केलं, वाचलं, सही करून पाठवलं. आंब्याच्या रसाच्या कारखान्याबद्दल! ज्या कुठल्या पोराने मे महिन्यात आंबा पिळला असेल त्यानेही हे वाक्य ऐकून माझ्याकडे चमत्कारिक पाहिलं असतं. मला ते लिहिताना काहीही खटकलं नाही, कारण आकडा पडद्यावर होता.

सूत्र परत घातलं. ५२ टनांना नफा ४.३८ लाख आला, साडेनऊ नव्हे. मग ६० टनांवर परत जाऊन उतारा ४६ करून पाहिला: ५.८ चे २.७. उतारा चार टक्क्यांनी घसरला की निम्म्याहून जास्त नफा गायब. फळाचे पैसे किलोवर आधीच दिलेले असतात, मजुरीही. कमी होतात ते विकायचे डबे. हा धंदा उताऱ्यावरच उभा आहे. मामा म्हणाला, "हे तर मी तुला आधीच सांगितलं असतं." मग विचारलं का नाहीस, असं तो म्हणाला नाही. चांगला माणूस आहे.

बँकेला मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. मामाचं म्हणणं पडलं, कोण वाचतंय तिथे, कशाला खाजवून खरूज. मी पाठवलंच. उत्तर आलं नाही.

त्या रात्री मी अख्खी फाइल सोलून काढली. कंट्रोल आणि त्या उलट्या अवतरणचिन्हाची कळ दाबली की सगळी सूत्रं उघडी पडतात, आकड्यांच्या जागी. त्या जंगलात कुठे नुसता आकडा उभा असेल तर लगेच दिसतो. अजून दोन साके सापडले. एक माझा. दुसरा माझा नव्हताच: फाइल मी ऑफिसातल्या कोणाच्या तरी जुन्या मॉडेलवर 'सेव्ह ॲज' करून सुरू केली होती, आणि त्यात एक व्याजदर तसाच आत राहून गेला होता. कोऱ्या पानावरून मॉडेल आमच्यात कोणी करत नाही. आधीच्याच्या चुका वारशात येतात. एक्सेल स्वतः तसंच आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण लोटसच्या हिशोबात होतं, आणि लोटसच्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक उचलली. आजही एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आहे. कधीच न उगवलेला दिवस, साठ क्रमांकाचा.

व्याजाची एक गंमत राहिली. व्याज शिलकेवर, आणि शिल्लक व्याज वजा जाऊन; एक्सेल वर्तुळ झालं म्हणून तक्रार करायला लागला. शेजारणीकडे विरजण मागायला निघावं आणि ती वाटी घेऊन आपल्याच दारात उभी असावी, तसं. मी सरळ मागच्या महिन्याच्या शिलकेवर व्याज धरलं. थोडं चुकीचं, पण निदान संपणारं.

सकाळी निघताना मी मामाला म्हटलं, वही दे, शेवटचे दोन फोटो राहिलेत. वही चाळताना मागचं पान उघडलं गेलं. अगदी शेवटचं, पुठ्ठ्याला चिकटलेलं. तिथे पेन्सिलने काही आकडे होते. 'दर ४२? ५०–४८? पाऊस ७? डबा १२५ तरी.' खाली पुसल्याच्या खुणा, त्यावर दुसरे आकडे, त्याखालीही पुसलेलं. कागद त्या जागी पातळ झालेला, मागच्या पुठ्ठ्याचा लाल रंग किंचित दिसणारा. मी आदल्या वर्षाची वही काढली. त्याच्या आदली. सगळ्यांत शेवटचं पान पेन्सिलचं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ते काही नाही," मामा म्हणाला. "ते आपलं असंच."

मेच्या शेवटच्या आठवड्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. मागे यंत्राची घरघर आणि डब्यांचा खणखणाट. "साका निघतोय," तो ओरडून म्हणाला. "रस ४७ पडतोय. तुझ्या निळ्यात घाल बघू."

मी ५० पुसून ४७ लिहिलं. बारा रकाने एका पापणीच्या आत बदलले. "४.३८ चे २.३६ झाले," मी म्हटलं.

"आणि डबा १३४ ला गेला तर?"

मी १३४ घातलं. "साडेतीन."

"थांब, लिहून घेतो." फोन कशावर तरी आपटला. लांबून आवाज आला, घरघरीच्या वर, मामीला उद्देशून: "अगं, माझा खोडरबर कुठे टाकलास?"